दिवा पेटला, दोष कोठे?

मालमोटारीच्या ब्रेकमधील वेग-संवेदक आणि त्याची परीक्षा

पावसाची एक सर नुकतीच येऊन गेली आहे. डांबरी रस्त्यावर पाणी व तेल यांचा पातळ थर पसरला आहे. अशा रस्त्यावरून छत्तीस टन वजनाची एक जोडगाडी, म्हणजे पुढे ओढणारा ट्रॅक्टर आणि त्याला जोडलेला ट्रेलर, ताशी ७२ किलोमीटर वेगाने चालली आहे. एवढ्यात समोरचे वाहन अकस्मात थांबते. चालक ब्रेकच्या पेडलवर पाय देतो आणि संकटाच्या घाईत कोणीही करील तेच करतो. पाय शक्य तितक्या जोराने दाबून धरतो.

दाबाखालील हवा नळ्यांतून धावते, ब्रेक लागतात आणि चाके जखडतात. पाहणाऱ्यास वाटेल की, चाके थांबली म्हणजे आता गाडीही थांबणार. वस्तुस्थिती तशी नसते. चाके थांबतात, पण गाडी घसरत पुढे जातच राहते. नदीच्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरणारा मनुष्य जोवर पाऊल जपून टेकवीत असतो, तोवर त्याला आधार मिळतो. पाऊल एकदा निसटले म्हणजे मग कितीही जोर केला तरी ते रोवले जात नाही. जखडलेल्या चाकाची स्थिती अशीच होते.

ही आपत्ती टाळण्यासाठी जड मालमोटारींना जी योजना केलेली असते, तिला अँटिलॉक ब्रेक किंवा संक्षेपाने ए.बी.एस. असे म्हणतात. चाक जखडू न देणारी ब्रेक-यंत्रणा, असा त्याचा सरळ अर्थ. या यंत्रणेचा सारा भार एका लहानशा भागावर असतो. हाताच्या बोटाएवढा हा भाग चाकाजवळ बसविलेला असतो आणि चाक किती वेगाने फिरत आहे, एवढेच तो सांगतो. त्याला वेग-संवेदक म्हणावे. कर्मशाळेत त्याला स्पीड सेन्सर किंवा नुसते सेन्सर म्हणतात. हा भाग कसा काम करतो, तो बिघडला हे कसे समजते आणि दोष नेमका कोठे आहे हे कसे शोधून काढावयाचे, याची माहिती पुढे दिली आहे.

फिरते चाक आणि जखडलेले चाक

चाक रस्त्यावर नीट फिरत असते, तेव्हा टायरचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो, तो त्या क्षणापुरता रस्त्याच्या संदर्भात जवळजवळ स्थिर असतो. ब्रेक लावले की चाकाचा वेग गाडीच्या वेगाहून थोडा कमी होतो आणि टायर किंचित घसरू लागते. गाडी सेकंदाला २० मीटर जात असेल आणि चाकाची कड सेकंदाला १६ मीटर या वेगाने फिरत असेल, तर वीस टक्के घसरण झाली, असे म्हणतात. चाक पूर्णपणे जखडले म्हणजे घसरण शंभर टक्के होते.

बहुतेक रस्त्यांवर टायरची पकड सर्वांत अधिक असते ती घसरण साधारण दहा ते तीस टक्के असताना. त्यापुढे ती कमी होऊ लागते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पूर्णपणे घसरणाऱ्या टायरला दिशा उरत नाही. फिरणारे चाक आपल्या पातळीत पुढे जाते आणि आडवे सरकण्यास विरोध करते. जखडलेले चाक मात्र कोणत्याही दिशेस सारख्याच सहजतेने घसरते.

यामुळे जोडगाडीवर तीन प्रकारची संकटे येतात. पुढची चाके जखडली, तर सुकाणू-चक्र कितीही फिरविले तरी गाडी वळत नाही. ट्रॅक्टरची मागची चाके जखडली, तर त्याचा मागचा भाग बाजूला सरकतो, मागून ट्रेलरचा रेटा येतो आणि अडकित्ता मिटावा तशी ती दोन्ही वाहने एकमेकांवर मिटतात. ट्रेलरची चाके जखडली, तर ट्रेलर शेपटीसारखा शेजारच्या मार्गात फेकला जातो. गाडी रिकामी असेल, तर धोका कमी होत नाही, उलट वाढतो. कारण चाकांवर भार थोडा असल्यामुळे ती लवकर जखडतात.

यंत्रणेची तीन अंगे

अँटिलॉक यंत्रणेची मुख्य अंगे तीन. चाकाचा वेग कळविणारे संवेदक हे पहिले; त्यांच्या वार्तांवरून निर्णय घेणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक हे दुसरे; आणि ब्रेकच्या हवेचा दाब कमी-अधिक करणारी विद्युत् झडप हे तिसरे. पुष्कळशा ट्रॅक्टरांवर चार संवेदक व चार झडपा असतात. काहींवर सहा संवेदक असतात. ट्रेलरची स्वतंत्र यंत्रणा असते.

चालकाने ब्रेक दाबले असता नियंत्रक प्रत्येक चाकाच्या वेगाकडे लक्ष ठेवतो. एखाद्या चाकाचा वेग सेकंदाच्या दहाव्या भागात २० मीटरांवरून ५ मीटरांवर आला, तर एवढे अवजड वाहन इतक्या थोड्या वेळात मंदावणे अशक्य आहे, हे त्याच्या गणितात बसलेले असते. गाडी मंदावली नसून चाक जखडू लागले आहे, असा त्याचा अर्थ होतो. तत्काळ नियंत्रक झडपेला आज्ञा देतो. त्या चाकाच्या ब्रेकमधील थोडी हवा सोडली जाते, चाक पुन्हा फिरू लागते आणि पुन्हा हवा भरली जाते. हे चक्र सेकंदाला तीन ते पाच वेळा चालते. कितीही कुशल चालक असला, तरी त्याला प्रत्येक चाकासाठी निरनिराळे असे हे काम एका पायाने करता येणार नाही.

या सर्व व्यवहाराचा पाया म्हणजे संवेदकाने पाठविलेली वार्ता. ती खोटी असेल, तर नियंत्रकाचा निर्णयही खोटा ठरेल.

चाकच वीज निर्माण करते

मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र बदलले म्हणजे त्या तारेत विद्युत् दाब उत्पन्न होतो. सायकलच्या दिव्याचा डायनामो याच तत्त्वावर चालतो. मालमोटारीतील नेहमीचा वेग-संवेदकही तसाच. त्याच्या आत एक कायम चुंबक, एक लोखंडी दांडी आणि तिच्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. चाकाच्या हबवर एक पोलादी दातेरी कडे घट्ट बसविलेले असते. जड मालमोटारींत या कड्याला बहुधा १०० दाते असतात. संवेदकाचे टोक दात्यांच्या अगदी जवळ येईल असे ठेवतात.

दात समोर आला की चुंबकीय क्षेत्र दाट होते, खाच समोर आली की विरळ होते. असा प्रत्येक दात्यागणिक बदल होतो आणि वेटोळ्यात उलटसुलट वाहणाऱ्या विजेची एक लाट उठते. टायरच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे ३.२ मीटर पुढे जाते असे धरले, तर ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेग असताना चाकाचे सेकंदाला तीनांहून थोडे अधिक फेरे होतात आणि संवेदकातून सेकंदाला सुमारे ३१२ लाटा निघतात. वेग दुप्पट झाला की लाटाही दुप्पट होतात. नियंत्रक या लाटा मोजून वेग ठरवितो.

या रचनेचे दोन गुणधर्म ध्यानात ठेवावयास हवेत. पुढची सर्व परीक्षा त्यांवरच आधारलेली आहे. एक असा की, या संवेदकाला बाहेरून वीज पुरवावी लागत नाही. चाकाच्या फिरण्यातूनच ती निर्माण होते. म्हणून चाक स्थिर असता तो मूक असतो आणि चाक हळू फिरत असता त्याचा आवाज क्षीण असतो. दुसरा असा की, टोक आणि दाते यांमधील अंतर थोडे जरी वाढले, तरी विद्युत् दाब झपाट्याने घटतो. हे अंतर मिलिमीटरच्या अंशात मोजावयाचे असते; ते एक मिलिमीटरपलीकडे गेले की वार्ता भरवशाची राहत नाही.

एका नियमाची कथा

चाक जखडू न देण्याची कल्पना नवी नाही. १९५० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी ब्रिटनमध्ये विमानांच्या चाकांसाठी यांत्रिक स्वरूपाची अशी योजना वापरात आली होती. रस्त्यावरील जड वाहनांच्या बाबतीत मात्र या कल्पनेला कठीण परीक्षेतून जावे लागले. त्या परीक्षेत प्रश्न ब्रेकच्या तत्त्वाचा नव्हता. प्रश्न होता तो विश्वासाचा.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७५ साली हवेच्या ब्रेकसंबंधीचा एक नियम अमलात आला. त्यात अशी अट होती की, ठराविक वेगावरून थांबताना मालमोटारीची चाके जखडता कामा नयेत. ही अट पाळण्यासाठी निर्मात्यांना अँटिलॉक यंत्रणा बसवावी लागली. परंतु त्या काळची इलेक्ट्रॉनिक साधने कंप, उष्णता, पाणी आणि बाहेरील विद्युत् लहरी यांना पुरी पडली नाहीत. यंत्रणा वारंवार बिघडू लागली. बिघाड नेमका कोठे आहे, हे कर्मशाळांना उमगेना. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९७८ साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने नियमातील तो भाग अमान्य ठरविला. त्यानंतर अनेक गाडीमालकांनी बसविलेली यंत्रणा तोडून टाकली.

पुढील काळात इलेक्ट्रॉनिक विद्या सुधारली. युरोपात १९८१ पासून मालमोटारींसाठी नव्या धर्तीची यंत्रणा मिळू लागली आणि १९९१ साली तेथे अवजड वाहनांना ती सक्तीची झाली. अमेरिकेत पुन्हा नियम करण्यापूर्वी सरकारी खात्याने २०० ट्रॅक्टर प्रत्यक्ष मालवाहतुकीत ठेवून यंत्रणेचा टिकाऊपणा व दुरुस्तीचा खर्च यांची नोंद केली. मग १९९५ साली नवा नियम जाहीर झाला. ट्रॅक्टरांना तो १ मार्च १९९७ पासून, तर ट्रेलर व इतर जड मालमोटारींना १ मार्च १९९८ पासून लागू झाला. भारतातही २०१५ सालापासून नव्या जड मालमोटारी व बसगाड्या यांना ही यंत्रणा आवश्यक ठरविण्यात आली; वाहनांच्या अशा चाचण्या घेणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांत पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेचा समावेश होतो.

अमेरिकेच्या नव्या नियमात एक मोठी गोष्ट होती. चाक जखडू नये एवढे सांगून तो थांबला नाही. यंत्रणा स्वतः बिघडली असेल, तर तिने तसे सांगितले पाहिजे, असेही त्याने बंधन घातले. म्हणून चालकासमोर पिवळा दिवा आला. ट्रेलरच्या डाव्या बाजूस मागील भागाजवळ तसाच दिवा लावणे भाग पडले. १ मार्च २००१ पासून बनलेल्या ट्रॅक्टरांत ट्रेलरचा बिघाडही चालकाला त्याच्या जागेवर बसून दिसू लागला.

दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही

हा पिवळा दिवा किल्ली फिरविली की क्षणभर पेटतो आणि सर्व ठीक असल्यास विझतो. तो पेटलेलाच राहिला, तर यंत्रणेचा एखादा भाग नियंत्रकाने विश्वासार्ह नाही म्हणून बाजूस ठेवला आहे, असे समजावे. गाडीचे हवेचे नेहमीचे ब्रेक त्यामुळे बंद पडत नाहीत. ते पूर्वीसारखे लागतात. मात्र दोष असलेल्या चाकाला जखडण्यापासून वाचविणारे कोणी उरत नाही.

दिव्याचा अर्थ एवढाच. पुष्कळ ठिकाणी मात्र दिवा पेटला की संवेदक बदला, अशी रीत पडून गेली आहे. नवा संवेदक बसविताना तो आपोआप दात्यांपर्यंत नीट ढकलला जातो, दिवा विझतो आणि जुना खराब होता अशी सर्वांची समजूत होते. काही आठवड्यांनी दिवा पुन्हा पेटतो. कारण दोष संवेदकात नव्हताच, तो सैल झालेल्या बेअरिंगमध्ये होता.

खरा शोध घ्यावयाचा, तर नियंत्रक स्वतः काय जाणू शकतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. गाडी उभी असताना तो वेटोळ्यात अगदी थोडी वीज सोडून पाहतो. तार तुटली असेल किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्या असतील, तर ते त्याला तत्काळ कळते. परंतु संवेदक दात्यांपासून दूर सरकला असेल, तर उभ्या गाडीत ते कळणे शक्य नाही. वेटोळे शाबूत आहे, त्याचा विद्युत् रोधही योग्य आहे, मग तक्रार कशाची? गाडी चालू लागली आणि इतर चाकांच्या वार्ता येऊ लागल्या, पण एकच चाक मूक राहिले, म्हणजे हा दोष उघडकीस येतो.

यावरून दोषांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग विजेच्या दोषांचा : वेटोळे, तार, जोड. हे दोष उभ्या गाडीतही दिसतात. दुसरा वर्ग यांत्रिक दोषांचा : अंतर, दातेरी कडे, बेअरिंग. हे दोष गाडी चालल्यावरच दिसतात. किल्ली फिरविताच दिवा पेटून राहतो की थोडे अंतर गेल्यावर पेटतो, एवढे चालकाला विचारले, तरी अर्धा शोध लागतो.

परीक्षेचा क्रम

समजा, तीन आसांच्या एका ट्रॅक्टरचा दिवा गाडी चालू लागल्यावर पेटतो. कुशल कारागीर हत्यार हाती घेण्यापूर्वी नियंत्रकाच्या स्मरणात नोंदलेला दोष वाचतो. जुन्या यंत्रणांत दिवा ठराविक वेळा लुकलुकवून नियंत्रक आपला संकेत सांगतो. अलीकडच्या गाड्यांत तपासणी-यंत्र जोडून तो अंकांत वाचता येतो. मालमोटारींसाठी ठरलेल्या सामायिक संकेतावलीत ७८९ हा अंक पुढील आसाच्या डाव्या चाकाच्या संवेदकाचा आणि ७९० हा उजव्या चाकाच्या संवेदकाचा आहे. येथे ७९० हा अंक मिळाला, असे धरू. चाक समजले, आता त्या चाकापाशी दोष कोठे आहे, हे पाहावयाचे.

पहिली पायरी डोळ्यांची. चाकांना उटी लावून, गाडी जॅकने उचलून व भक्कम आधारावर टेकवून, संवेदकापासून निघालेली तार बोटांनी चाचपीत वर न्यावी. पुढील चाक वळताना ही तार सतत वाकते. ती कोठे घासली आहे का, ब्रेकच्या तप्त ड्रमजवळ वितळली आहे का, जोडात पाणी शिरून हिरवट गंज चढला आहे का, हे पाहावे. पुष्कळ वेळा शोध येथेच संपतो.

दुसरी पायरी विद्युत् रोधाची. किल्ली बंद करून नियंत्रकाकडील जोड सोडवावा आणि मल्टिमीटरने त्या चाकाच्या दोन तारांमधील रोध मोजावा. या जातीच्या संवेदकात तो बनावटीप्रमाणे सुमारे ९०० ते २५०० ओहम असतो. नेमकी मर्यादा निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेली असते. रोध अमर्याद आला, तर तार कोठे तरी तुटली आहे; जवळजवळ शून्य आला, तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. आकडा चुकीचा आल्यास तेच मापन चाकाजवळच्या जोडात पुन्हा करावे. तेथे तो योग्य आला, तर संवेदक चांगला असून दोष मधल्या तारेत आहे. तेथेही चुकीचा आला, तर संवेदकच दोषी. नंतर प्रत्येक तार आणि गाडीचा सांगाडा यांमध्ये मापन करावे. तेथे वीज वाहता कामा नये.

या ठिकाणी तांब्याचा एक स्वभाव आठवावा. तापमान वाढले की तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांवर १५०० ओहम दाखविणारे वेटोळे १०० अंशांवर १९५० ओहमांहून अधिक दाखवील. घाट उतरून नुकत्याच आलेल्या गाडीचा आकडा आणि रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा आकडा यांत अंतर पडले, तर तो दोष समजू नये.

तिसरी पायरी विद्युत् दाबाची. रोध बरोबर आला, म्हणजे विजेचा मार्ग अखंड आहे एवढेच सिद्ध झाले. चाकाची वार्ता येते की नाही, हे अजून कळलेले नाही. यासाठी मल्टिमीटर उलटसुलट विजेच्या मापनावर ठेवून दोन सेकंदांत एक फेरा या गतीने चाक हाताने फिरवावे. सुस्थितीतील संवेदक या गतीलाही साधारण ०.२ व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब देतो. उदाहरणातील उजव्या चाकाने ०.०५ व्होल्टच दिला, असे समजू. रोध योग्य आणि दाब अपुरा, यावरून दोष दुसऱ्या वर्गातला, म्हणजे यांत्रिक आहे, हे निश्चित झाले.

चौथी पायरी अंतराची. संवेदक स्क्रूने आवळलेला नसतो. स्प्रिंगसारख्या दाब देणाऱ्या एका नळीत तो घर्षणानेच धरलेला असतो. तो हाताने ढकलीत दातेरी कड्याला भिडवावा. हातोडीचा ठोका कधीही मारू नये. आतील चुंबक व वेटोळे त्याने निकामी होतात. चाक फिरू लागल्यावर कड्याच्या किंचित डगमगीमुळे संवेदक आपोआप लागेल तेवढाच मागे सरतो आणि योग्य अंतर साधले जाते. आता दाब पुन्हा मोजावा. तो ०.४ व्होल्टपर्यंत चढला, तर लक्षण गेले.

लक्षण गेले म्हणजे कारण गेले, असे मात्र होत नाही. संवेदक मागे का सरकला, हा प्रश्न उरतोच. त्याला धरणारी नळी ढिली झाली असेल. बेअरिंग सैल होऊन चाक डुलत असेल आणि प्रत्येक वळणावर कडे संवेदकाला मागे रेटीत असेल. किंवा कड्याखाली गंज साचून ते वाकडे झाले असेल. चाक हळू फिरविताना मापकाचा काटा वा आकडा प्रत्येक फेऱ्यात एकदा वर व एकदा खाली जात असेल, तर कडे किंवा बेअरिंग यांवर संशय घ्यावा. सैल बेअरिंग ही एकट्या अँटिलॉकची बाब नव्हे. त्यामुळे चाकच निखळण्याची भीती असते. अशा वेळी पिवळा दिवा एका मोठ्या संकटाची आगाऊ सूचना देऊन गेलेला असतो.

पाचवी पायरी क्वचितच लागते. रोध बरोबर, दाब बरोबर, अंतर बरोबर आणि तरीही दोष कायम असेल, तर खात्रीचा दुसरा संवेदक त्याच तारेला जोडून पाहावा. एका वेळी एकच बदल करावा. दोन भाग एकाच वेळी बदलले आणि दिवा विझला, तर कशामुळे विझला हे कोणालाच सांगता येणार नाही.

फसविणारे दोष

काही दोष दिवा न पेटविताही राहू शकतात. दुरुस्तीनंतर डाव्या व उजव्या चाकांच्या तारा चुकून अदलाबदल झाल्या, तर दोन्ही वार्ता येतच राहतात आणि सरळ रस्त्यावर नियंत्रकाला काहीच वावगे दिसत नाही. निसरड्या रस्त्यावर मात्र डावे चाक जखडू लागले की तो उजव्या चाकाचा ब्रेक सोडील. म्हणून दुरुस्ती झाल्यावर एक एक चाक फिरवून योग्य त्याच चाकाची वार्ता येते, हे तपासणी-यंत्रावर पाहून घ्यावे. दात्यांची संख्या निराळी असलेले कडे बसविले, तर चाकाचा वेग चुकीचा मोजला जातो.

याउलट काही यंत्रणांत दोष दूर झाल्यावरही गाडी थोड्या वेगाने चालवीपर्यंत दिवा विझत नाही. सर्व चाकांच्या वार्ता प्रत्यक्ष आल्याखेरीज नियंत्रक विश्वास ठेवीत नाही, एवढेच त्याचे कारण. हे ठाऊक नसल्यामुळे उभ्या गाडीत दिवा पाहून चांगले भाग बदलले जातात.

तारेचे आवरण सुईने टोचून मापन करण्याची सवयही सोडावी. त्या सूक्ष्म छिद्रातून पाणी आत शिरते, तांबे गंजते आणि काही महिन्यांनी तेथेच नवा दोष उत्पन्न होतो. तसेच काही वाहनांत आता बाहेरून वीज घेऊन काम करणारे, निराळ्या जातीचे संवेदक असतात. त्यांना वर दिलेली रोधाची परीक्षा लागू पडत नाही. त्यांच्यासाठी निर्मात्याची पुस्तिका पाहणे हाच मार्ग.

विश्वासाचा आधार

दिवा पेटलेला असतानाही गाडी चालते, ब्रेक लागतात आणि कोरड्या रस्त्यावर काहीच उणे भासत नाही. त्यामुळे कोणी दिव्यावर पट्टी चिकटवितो, कोणी त्याचा बल्ब काढून टाकतो. उणीव जाणवते ती पावसाच्या पहिल्या सरीनंतर, समोरचे वाहन अकस्मात थांबते तेव्हा. आणि ती सुधारण्यास त्या वेळी अवकाश नसतो.

१९७५ चा नियम टिकला नाही, याचे कारण त्यामागील विज्ञान चुकीचे होते असे नव्हे. जे यंत्र बिघडते आणि आपला बिघाड नीट सांगत नाही, त्यावर चालकाचा, कारागिराचा आणि अखेर न्यायालयाचाही विश्वास बसला नाही. पुढे यंत्राने आपला दोष सांगण्याची सोय झाली. परंतु ती अर्धीच सोय होय. उरलेला अर्धा भाग कर्मशाळेत असतो. दिव्याने सूचना द्यावी, संकेताने चाक दाखवावे आणि कारागिराने ओहम, व्होल्ट व अंतर यांच्या क्रमाने मूळ कारणापर्यंत जावे, तेव्हाच चाकाच्या त्या बोटभर संवेदकावर छत्तीस टनांचा भार निर्धास्तपणे सोपविता येतो.